आठव्या दिवशीचा डाग

प्रति,
मा. पणनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



हे पत्र भावाबद्दल नाही, असं म्हटलं तर आमच्या गावातसुद्धा कोणाचा विश्वास बसणार नाही. रावेर तालुक्यातून मंत्रालयाकडे निघणारी निवेदनं बहुतेक केळीच्या भावाची असतात, उरलेली विम्याची. त्यातल्या बऱ्याच कागदांवर माझीही सही आहे. पण आज लिहायचंय ते घड झाडावरून उतरतो आणि गाडीत चढतो, त्या मधल्या अर्ध्या तासाबद्दल. या अर्ध्या तासावर आजवर निवेदन लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. मोर्चा तर सोडाच.

माझं शिक्षण धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात झालं, नोकरी केली नाही, घरची केळी धरली. आता वय साठीच्या पुढे. तापीच्या अलीकडच्या काळ्या जमिनीत बसराई लावण्यापासून सुरुवात केली, मग श्रीमंती, मग टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन. करपा पाहिला, हरण्या पाहिला, थंडीतला चरका पाहिला, वादळाने एका दुपारीत आडवी झालेली बागही पाहिली. या सगळ्यांवर बोलायला माणसं आहेत, पंचनाम्याला तलाठी आहे, फवारणीला औषध आहे. घड एकदा कापला की मात्र तो कोणाचाच राहत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा थंडी, उष्णता, वारा बघतो, पण घड झाडावर असेपर्यंत. कृषी खात्याचं काम बांधावर संपतं. व्यापाऱ्याचं काम काट्यावर सुरू होतं. मधली जागा मोकळी आहे, आणि केळी सडायला नेमकी तिथेच सुरुवात होते.

दिल्लीला गाडी गेली की आम्ही आठव्या दिवसाची वाट बघतो. दोन-अडीच दिवस रस्त्यात, मग रायपनिंग चेंबरमध्ये चार-पाच दिवस, आणि मग फोन. फोनवरचं हिंदी ठरलेलं असतं: माल काला निकला. हिशेबातून कपात होते. आम्ही ड्रायव्हरला शिव्या देतो, चेंबरवाल्याला देतो, दिल्लीच्या हवेला देतो. मीही वर्षानुवर्षं दिल्या. एकदा कपात जरा जास्तच झाली म्हणून स्वतः गेलो. चेंबरमधून निघालेली माझी केळी हातात घेतली. पिवळ्या सालीवर चार काळपट खळगे एका ओळीत होते. मी सहज माझी बोटं त्यावर ठेवली. बरोबर बसली. घड उचलताना कोणीतरी दांड्याला धरायचं सोडून केळांनाच धरलं होतं. ती बोटं दिल्लीच्या हमालाची असती तर डाग इतका पिकलेला नसता. ती आमच्या शेतातली होती.

घरी आल्यावर श्रावणात मी एक उद्योग केला. एकाच घडाच्या शेजारशेजारच्या दोन फण्या घेतल्या. एक हाताने उचलून केळीच्या पानावर ठेवली. दुसरी गुडघ्याएवढ्या उंचीवरून बांधावरच्या मातीत सोडली. फेकली नाही, नुसती सोडली, रोज शेकडो घड सोडले जातात तशी. दोन्ही स्वयंपाकघराच्या माळ्यावर दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवल्या. तीन दिवस दोन्ही हिरव्यागार, फरक शून्य. बायको म्हणाली, तुमच्या मापात काही चुकलं असेल. पाचव्या दिवशी रंग फिरायला लागला आणि दुसऱ्या फणीवर तपकिरी ठिपके उमटले. आठव्या दिवशी ते ठिपके रुपयाएवढे झाले, मध्ये खोलगट, आणि त्यावर शेंदरी-गुलाबी बुरशी. जिथून फणी कापली होती तो भाग काळा पडून मऊ झाला होता, वर पांढरा कापूस. उचलायला गेलो तर चार केळी देठातून सुटून टोपलीत पडली. पानावर ठेवलेली फणी त्याच दिवशी आम्ही खाल्ली, गोड होती.

ह्याला पुस्तकात नावं आहेत. सालीवरच्या खोलगट डागाची बुरशी कोलेटोट्रायकम म्युझी. तिचे बीजाणू वाळलेल्या पानांवर आणि केळाच्या टोकाला चिकटून राहिलेल्या सुकलेल्या फुलात असतात. पावसाचा थेंब पडला की शिंतोड्याबरोबर हिरव्या फळावर येतात. तिथे रुजतात, सालीत जेमतेम नांगर टाकतात, आणि थांबतात. हिरव्या सालीत अशी द्रव्यं असतात की बुरशीला पुढे सरकता येत नाही. फळ पिकायला लागलं की ती द्रव्यं कमी होतात, साखर वाढते आणि महिनाभर दाराशी बसलेली बुरशी आत शिरते. साल कुठे ठेचलेली किंवा चिरलेली असेल तर तिला पिकण्याची वाट बघायचीही गरज नसते. म्हणून आपला माणूस शेतात घड बघून म्हणतो माल क्लीन आहे, आणि आठवडाभराने दिल्लीचा म्हणतो माल काळा आहे, आणि दोघेही खरं बोलत असतात.

फणी कापलेल्या भागाची कूज वेगळी. तिथे एक बुरशी नसते, चार-पाच जणींचं गणगोत असतं: कोलेटोट्रायकम, फ्युजेरियम, लॅसिओडिप्लोडिया आणि इतर. ताज्या कापावरून चीक वाहतो, ओल असते आणि कापणारा विळा सकाळपासून पुसलेला नसतो. त्या विळ्याने एका घडाची बुरशी पुढच्या घडाला लावून द्यायला सरकारी परवाना लागत नाही.

आता थोडं जगाचं सांगतो, कारण आमच्याकडे एक समज आहे की खानदेशात केळी शंभर वर्षं अशीच वाहिली जाते, तर तिला काय होतं. अमेरिकेत केळी नेणाऱ्या कंपन्यांनीही पन्नास वर्षं अशीच नेली. पूर्ण घड, बोटीच्या पोटात एकावर एक. त्यांची जात ग्रोस मिशेल होती, जाड सालीची आणि मार खाणारी. पनामा मर रोगाने तिच्या बागा उजाड केल्या, तेव्हा १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या कंपन्यांना कॅव्हेंडिश गटाच्या केळीकडे वळावं लागलं. कॅव्हेंडिशची साल नाजूक, घडाने पाठवली की पोचेपर्यंत काळी. म्हणून स्टँडर्ड फ्रूट कंपनीने शेतातच फण्या कापून, धुऊन पुठ्ठ्याच्या पेटीत भरायला सुरुवात केली आणि पाठोपाठ बाकीच्यांनी केली. आज जगात सुपरमार्केटमध्ये जाणारं केळ त्या पेटीतूनच जातं.

आमची बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन, सगळी कॅव्हेंडिश. म्हणजे केळ त्यांचं आणि वाहतूक ग्रोस मिशेलची, असं आमचं चाललंय. लहानपणी सावदा स्टेशनावर दिल्लीच्या वॅगनी भरताना बघायला जायचो. फलाटावर घडांच्या राशी, खाली पानांचा लगदा, चिकाचा आंबूस वास आणि हमालांची पळापळ. वॅगन उपलब्ध झाली की तासात भरायची, कारण गाडी थांबत नाही. त्या घाईला आम्ही कौशल्य समजत होतो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली आणि पुढे आमच्या केळीलाही तिचा लाभ मिळाला, त्याबद्दल आभारच मानतो. पण गाडी कितीही वेगाने धावली तरी तिच्यात ठेचलेला घड चढवला तर ठेचलेलाच उतरणार, फक्त लवकर.

पेटी आली की सगळं सुटलं, असंही नाही. फणी दांड्यापासून कापली की तेवढी उघडी जखम वाढते. पेटीच्या पद्धतीबरोबरच कापलेल्या भागाच्या कुजीचा प्रश्न जगभर मोठा झाला. मग औषधं आली, काही ठिकाणी बुरशी त्या औषधांनाही सरावली. मी आमच्या भागातल्या एका पॅकहाउसवर (नाव घेत नाही, माणसं भली आहेत) दुपारी दोन वाजता गेलो होतो. फण्या धुवायचे दोन हौद. सकाळी भरलेलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं, वर चिकाचे तवंग आणि सुकलेली फुलं तरंगत होती. तुरटी टाकली होती, क्लोरीनही टाकलं होतं म्हणे. पण चीक आणि कचरा क्लोरीनला आधी खाऊन टाकतो, बुरशीसाठी काही शिल्लक राहत नाही. सकाळी नऊच्या फण्या अंघोळ करून निघाल्या, दुपारी दोनच्या फण्या रोगाची लस टोचून निघाल्या, उलट्या अर्थाची. पाणी का बदलत नाही विचारलं तर उत्तर आलं, बोअरला पाणी कमी आहे आणि वाया गेलेलं पाणी सोडायला जागा नाही. दोन्ही उत्तरं खरी होती. म्हणजे आम्हाला कूज थांबवायला आधी गटार हवी. हे वाक्य कोणत्या योजनेच्या उद्घाटनात ऐकू येईल?

आमच्याकडे केळीच्या भावाचा बोर्ड असतो. नवती म्हणजे नवी लागवड, पिलबाग म्हणजे खोडवा, कांदेबाग म्हणजे हिवाळ्याच्या तोंडची लागवड, आणि सर्वात खाली वापसी, म्हणजे हलका माल. रोज सकाळी मोबाइलवर येतो, शेजारी बुऱ्हाणपूरच्या लिलावाचे आकडे. त्यात बागेचं वय आहे, हंगाम आहे, फरकाचे रुपये आहेत. घडाला जखम आहे की नाही, याचा रकाना नाही. मी पानं अंथरून घड उतरवले काय आणि शेजाऱ्याने बांधावर आपटले काय, काट्यावर दोघांचा क्विंटल सारखाच. मग जास्तीचे दोन मजूर लावून मी घड का जपावेत? कापणाऱ्या टोळीचंही तेच. आमच्याकडे येणारी टोळी सातपुड्यातल्या पावरा मुलांची. डोक्यावर भला मोठा घड घेऊन चिखलातून पळणारी ही पोरं बघितली तर बघणाऱ्याचे खांदे दुखतात. मजुरी गाडीवर ठरलेली. गाडी लवकर भरली तर दुसरी गाडी मिळते. त्यांना सावकाश ठेव रे, म्हणणं म्हणजे तुझा दुसरा रोजगार सोडून दे, म्हणणं आहे. एकदा मी टोळीच्या म्होरक्याला म्हणालो, घड खाली ठेवताना गोणपाट टाकत जा. तो म्हणाला, काका, गोणपाट तुम्ही टाका, आम्ही त्याच्यावर ठेवतो. एवढं सोपं होतं. त्या दिवसापासून गोणपाट मी टाकतो. पण सगळ्या तालुक्यात गोणपाट टाकायला एक म्हातारा पुरायचा नाही.

आमच्या चुका लपवून पत्र लिहिलं तर ते निवेदनच होईल, म्हणून त्याही सांगतो. भाव चढा असला की आम्ही केळाच्या धारा ठळक असतानाच, कोवळा घड कापतो. भाव पडला की वजन वाढेल म्हणून बागेतच ठेवतो, आणि मग भरून गोल झालेला घड दिल्लीला पाठवतो. तो रस्त्यातच पिकायला लागतो आणि स्वतःच्या इथिलीनने शेजारच्या घडांनाही पिकवतो. लांबच्या प्रवासाला तीन चतुर्थांश भरलेलं केळ लागतं, हे आम्हाला ठाऊक आहे. कापणीच्या आदल्या दिवशी ठिबक भरपूर सोडून वजन फुगवणारे आहेत. तसा तुडुंब घड हात लागताच चिरतो आणि चीकही जास्त गाळतो. करप्याने पानं गेलेल्या बागेचा घड दिसायला भरलेला असला तरी वाटेत अवेळी पिकतो, हे माहीत असूनही आम्ही तो चांगल्या घडांत मिसळतो. सुकलेली फुलं हाताने काढायची, घडाला पिशवी घालायची, लोंबणारी वाळकी पानं कापायची, ही कामं निर्यातवाले करतात. आम्ही म्हणतो, दिल्लीला कशाला. बुरशीला दिल्ली आणि दुबई यातला फरक कळत नाही.

दुबईचं नाव आलंच आहे तर. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावावर आहे. जून २०२१ मध्ये त्याच तांदलवाडीतून बावीस मेट्रिक टन केळी दुबईला गेली. ती केळीही आमच्याच मातीतली होती, आमच्याच उन्हातली. फरक घड कापल्यानंतरच्या तासांत होता: फणी घडावरून तिथेच सुटली, चीक निथळला, धुतली, पेटीत गेली, थंड झाली. हे आमच्याने होत नाही, असं यापुढे कोणी म्हणू नये. पण निर्यातीत आज सोलापूरचा करमाळा-टेंभुर्णी पट्टा आमच्या फार पुढे गेलाय. त्यांच्याकडे केळी आमच्यानंतर आली, म्हणून जुन्या सवयी मोडायच्या नव्हत्या. २०२१ मध्ये केंद्राने फलोत्पादन समूह विकासाचे पहिले बारा जिल्हे निवडले तेव्हा केळीसाठी आंध्रचं अनंतपूर आणि तमिळनाडूचं थेनी घेतलं. जळगाव त्यात नव्हतं. गावात लोक म्हणाले, राजकारण. असेलही. पण मला दुसराच विचार आला. समूह म्हणजे केळीची झाडं जवळजवळ असणं नव्हे. कापल्यानंतर ती कुठे जाते, त्या सोयी जवळजवळ असणं. ते आमच्याकडे काय होतं दाखवायला?

उन्हाचं आणि थंडीचं सांगायला हवं, कारण आमचा खानदेश दोन्हीकडून जाळतो. हिरव्या केळाला तेरा-चौदा अंश मानवतात. मे महिन्यात भुसावळच्या बाजूला पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि आमची गाडी ताडपत्रीखाली भर दुपारी रस्त्याला लागते. आत घड श्वास घेतात, त्याची उष्णता वेगळी. तिशीच्या पुढे फार वेळ राहिलं की कॅव्हेंडिशचा गर पिकतो पण सालीचा हिरवा रंग जात नाही. ग्राहकाला वाटतं कच्चं आहे, सोलून बघतो तर आत पाणी. डिसेंबरात उलटं. राज्याच्या हवामानाच्या बातमीत नीचांकी तापमानासाठी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा आकडा येतो, माझ्या कॉलेजचं नाव त्या निमित्ताने वर्षातून चार दिवस सगळ्या महाराष्ट्राला कळतं. त्या थंडीत शिरपूरच्या बाजूने निघालेली, रात्रभर उघडी राहिलेली केळी दिसायला ताजी असते. पण बारा अंशांखाली सालीतल्या चिकाच्या नळ्या तपकिरी पडतात, आणि पिकल्यावर ती पिवळी होत नाही, धुरकट होते. आपल्या घरात केळी फ्रिजमध्ये ठेवल्यावर काळी पडतात ना, तेच. शिरपुरात माझी सासुरवाडी आहे, तिथली मंडळी याला मालाला नजर लागली म्हणतात. नजर लागली नाही, ताडपत्री नव्हती.

पिकवण्यावर मात्र थोडक्यात. आमच्या आजोबांच्या वखारीत धुरी देऊन केळी पिकायची, मडक्यात शेणी पेटवायच्या आणि दाराच्या फटी चिखलाने लिंपायच्या. नंतर कार्बाइडच्या पुड्या आल्या. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात, त्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत परवानगी आहे, आणि केळ स्वतः तोच वायू सोडतं. चेंबर नीट असेल, सोळा-अठरा अंश, दमट हवा, कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायची सोय, तर त्यात लबाडी काही नाही. ग्राहकांना हे कोणीतरी सांगायला हवं, नाहीतर चांगलं पिकवणारा आणि पुडी टाकणारा एकाच तराजूत तोलला जातो. तपासणी मात्र सणापुरती नको.

आणखी एक गोष्ट, जी मला रात्री आठवते. बिहारात कटिहार-पूर्णियाकडे आणि उत्तर प्रदेशात अयोध्येकडे (पूर्वीचं फैजाबाद) पनामा मर रोगाची टीआर-४ ही जात सापडली आहे. ती जमिनीतून पसरते. कॅव्हेंडिशला ती सोडत नाही आणि शेतात शिरली की वर्षानुवर्षं निघत नाही. आमची केळी उत्तरेला जाते आणि त्या बाजूचे ट्रक, क्रेट परत आमच्या शेतात येतात, चाकांना आणि क्रेटच्या कोपऱ्यांना तिकडची माती लावून. क्रेट धुण्याची सक्ती आमच्याकडे कोणी करत नाही. ज्या हौदाचं मी वर म्हटलं, त्याच्या शेजारी क्रेट धुण्याचा एक हौद असला, तर आपण एका पाण्यात दोन संकटं धुऊ.

आता मागणं. आंब्याकडे पाहा. १ मे २०१४ ला युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली, फळमाशीमुळे. पुढच्या जानेवारीत उठवली. आपल्या राज्याने वाशीच्या केंद्रात गरम पाण्याची, बाष्पाची आणि विकिरणाची सोय उभी केली आणि चालवली. हापूसला गरम पाण्याची अंघोळ मिळाली कारण परदेशाने डोळे वटारले. आमची केळी दिल्लीने परत पाठवली तर डोळे वटारायला कोणीच नाही, फक्त हिशेबातून कपात. तुमच्या खात्याच्या मॅग्नेट प्रकल्पात केळी आहे, आशियाई विकास बँकेचा पैसा आहे. त्या पैशातून पुन्हा एक मोठं शीतगृह, त्याला मोठी फीत आणि वीजबिल न परवडल्याने दोन वर्षांनी कुलूप, हे नको. मला दहा गावांना एक अशी साधी शेड हवी. पत्रा आणि त्याच्याखाली सावली. टेबलावर फोम. तीन हौद, पाणी बदलायची सोय, सांडपाण्याला गटार. विळे बुडवायला जंतुनाशकाची बादली. क्रेट धुण्याची जागा. फण्या उलट्या ठेवून चीक निथळायला रॅक. आणि फार तर एक छोटी शीत खोली, जिथे संध्याकाळी भरलेली पेटी सकाळपर्यंत गरमी सोडेल.

शेडपेक्षाही आधी एक गोष्ट फुकटात होऊ शकते. बोर्डावर एक रकाना वाढवायला लावा. पेटीत भरलेली, धुतलेली, डाग नसलेली केळी, तिचा भाव वेगळा जाहीर व्हावा, रोज, नवती-पिलबागच्या शेजारी. भाव किती असावा हे मी सांगत नाही, बाजार ठरवेल. पण आकडा छापून आला की शेतकरी गोणपाट स्वतः आणेल, मला खात्री आहे. आम्ही खानदेशी माणसं उपदेश ऐकत नाही, बोर्ड वाचतो. आणि टोळीच्या मजुरीला काहीतरी करा. गाडीवर पैसे देण्याऐवजी दिवसावर, आणि पेटी स्वच्छ उतरली तर वर काही. त्या पोरांना प्रशिक्षण द्या म्हणतात तेव्हा मला हसू येतं. त्यांना काम माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना सावकाश करण्याची मुभा मिळत नाही. जिल्ह्यात निमखेडीला केळी संशोधन केंद्र आहे, तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. कापल्यावरच्या कुजीवर तिथे जे कळलंय ते रावेरच्या हौदापर्यंत यायला माणूस लागतो, पोस्टर नव्हे.

विम्याचंही एक. विम्यावर लिहायचं ठरवलं नव्हतं, पण दिल्लीच्या वाटेवरच्या आठ दिवसांचाही काही विमा असावा. सगळ्यांना नको, ज्यांच्या शेडमधून पेटी निघाली त्यांना. मग शेडमध्ये यायला कोणाला ओढावं लागणार नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या पिलबागेची कापणी आहे. आपण कधी आमच्याकडे आलात तर मंचावर येता, आमच्या बागेत येत नाही. ह्या वेळी बागेत या. सकाळी सहाला या, ऊन चढायच्या आत. भाषण नको, हार नको. टोळी येईल, घड उतरतील. त्यांच्या हाताखाली काय अंथरलं आहे आणि त्यांच्या विळ्याला काय लागलं आहे, तेवढं पंधरा मिनिटं उभं राहून बघा. एक फणी मी आपल्याला बांधून देईन. मुंबईला नेऊन माळ्यावर ठेवा आणि आठव्या दिवशी उघडा.

आपला,
रावेर तालुक्यातला एक केळी उत्पादक

ता. क. येताना जुने कपडे घालून या. केळीचा चीक एकदा लागला की कितीही धुतला तरी जात नाही.